अग्निशमन दलाचा बॅगपाइप बँड गोव्यात उभा करायचा तर?

फोंडेकर:
१४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनासाठी आमच्या भागातले काही निवृत्त जवान आणि हायस्कूलची मुले मिळून छोटा बॅगपाइप बँड काढायचे घाटत आहे. अमेरिकेत फायरमनच्या अंत्ययात्रेला हाच बँड का असतो, हे कुणी नीट सांगेल का? इथल्या दमट हवेत वाद्य टिकते का? माणसे किती लागतील? साथीला गावचा ब्रास बँड घेऊ, असेही काहींचे म्हणणे आहे.

जुना_बंब:
प्रथा आली आयरिश लोकांकडून, वाद्य मात्र स्कॉटलंडचे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश लोक लाखांनी अमेरिकेत गेले. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागोत त्यांच्या वाट्याला आली ती धोक्याची कामे, त्यात पोलीस आणि आगीचा बंब. कामावर असताना मरण आलेल्याला वाजतगाजत निरोप द्यायची रीत त्यांनी सोबत आणली. आयर्लंडचा स्वतःचा पाइप मांडीवर घेऊन, कोपराच्या भात्याने, बसून वाजवतात. तो घेऊन चालता येत नाही. म्हणून संचलनाला हायलँड पाइप आला.

न्यूयॉर्कच्या दलातल्या एमराल्ड सोसायटीचा (आयरिश वंशाच्या जवानांची संघटना) बँड १९६२ चा. ११ सप्टेंबर २००१ ला त्या दलाचे ३४३ जण गेले आणि पुढे कित्येक महिने हा बँड अंत्यविधींना वाजवत होता. जगाच्या डोळ्यांत भरला तो तेव्हा.

आपल्याकडे पाइप ब्रिटिशांच्या पलटणींतून आला, म्हणून गढवाली, गोरखा, शीख रेजिमेंटांत तो पक्का रुजला. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे, त्यामुळे इथे फेस्ताचा ब्रास बँड घरोघरी माहीत, पाइप नाही. खुद्द पोर्तुगालमध्ये बोंबेरांची फनफारा असते, म्हणजे अग्निशमन जवानांचा वाद्यवृंद, पण ती बिगुल-ताशांची. बाकी १४ एप्रिलला कुठलीही धून वाजवा, ती १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांसाठी आहे, हे मुलांना आधी सांगा.

नळी_आणि_रीड:
येत्या एप्रिलचे नाव काढू नका. आधी सहा महिने ते वर्षभर नुसता प्रॅक्टिस चँटर (बोटे बसवायची पिशवीशिवायची सरावाची नळी), मग पिशवी. पहिल्याच दिवशी पिशवी हातात दिलेली मुले फुंकण्यातच दमतात, बोटे बसत नाहीत. सहा पाइपर, दोन साइड ड्रम, एक टेनर, एक बास ड्रम एवढ्यावर रस्त्यावर भरीव आवाज निघतो.

ब्रास बँडचे विसरा. ब्रासचा सूर पेटीची काळी पाच, ४६६ हर्ट्झला, आजचा चँटर (पाइपची चाल वाजवायची भोकांची नळी) ४७५ ते ४८० ला, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध. एकत्र वाजवले की कान दुखतात. ४६६ चा चँटर मिळतो, पण तो मुद्दाम मागवावा लागतो आणि सगळ्यांचा तोच हवा.

गोव्यात खरा शत्रू पाणी. हवा दमट, त्यात फुंकणाऱ्याची वाफ. चँटरची वेताची रीड (फुंकीने थरथरून आवाज काढणारी पट्टी) भिजली की सूर फाटतो. ड्रोनच्या (सतत एकच सूर धरणाऱ्या तीन नळ्या, दोन टेनर आणि एक बास) रीड सिंथेटिकच घ्या. कृत्रिम कापडाची, चेनवाली पिशवी घ्या, आत वॉटर ट्रॅप बसवा, वाजवून झाले की चेन उघडून आतून पुसा आणि रात्रभर उघडी ठेवा. जून ते सप्टेंबर पेटी बंद करून कपाटात ठेवली तर सांध्यांच्या दोऱ्यावर बुरशी धरते.

गळती अशी बघा: चँटर आणि तिन्ही ड्रोन काढून पिशवीवरच्या त्यांच्या खोबणींना रबरी बुचे लावा, पिशवी टणक फुगवा, दाबून धरा. अर्ध्या मिनिटात मऊ पडली तर शिवण किंवा सांधा गळतोय. हवा तोंडात परत येत असेल तर फुंकणीच्या तळाची झडप बदला. ड्रोनच्या सरकत्या सांध्यांवर मेणाचा दोरा इतकाच गुंडाळा की हाताने फिरेल पण आपोआप घसरणार नाही. फुंकणीचा सांधा मात्र घट्ट हवा.

फोंडेकर:
देव बरें करूं. भर उन्हात सूर जातो म्हणतात, त्याचे काय? आणि भजनाच्या चाली बसतील का?

खमाज_थाट:
चँटरवर नऊच स्वर: मंद्र कोमल नी, मग सा रे ग म प ध, कोमल नी आणि तार सा. थोडक्यात खमाज. शुद्ध नी किंवा कोमल ग लागणारी चाल घेऊच नका. दुसरी अडचण अशी की आवाज मध्येच थांबवता येत नाही. 'सा सा' वाजवायचे तर दोहोंमध्ये बोटाचा कण (क्षणभराचा दुसरा स्वर) मारावा लागतो, नाहीतर तो एकच लांब सा ऐकू येतो. विलंबित, मिंडेची भजने म्हणूनच पांगळी होतात. ठेक्याची अभंगाची चाल बरी.

उन्हात चँटर चढतो, ड्रोन तितके चढत नाहीत. त्यामुळे आत सावलीत जुळवून बाहेर येऊ नका. जिथे वाजवायचे तिथेच दहा-पंधरा मिनिटे फुंकून मग जुळवा. आधी सगळे चँटर एकमेकांशी: रीड खोल बसवली की सूर चढतो, वरचे स्वर जास्त. एखादाच स्वर चढा असेल तर त्या भोकाच्या वरच्या कडेला टेप चिकटवा, उतरेल. मग एक टेनर ड्रोन चँटरच्या सा शी, दुसरा पहिल्याशी, शेवटी बास. ड्रोन लांबवला की उतरतो. ड्रोन हवा फार खात असेल तर रीडवरचे रबर तिच्या जिभेच्या (थरथरणाऱ्या पातीच्या) टोकाकडे केसभर सरकवा, पण सूरही थोडा चढेल, पुन्हा जुळवा.

नळी_आणि_रीड यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. चामड्याची पिशवी ओल शोषते, सिंथेटिक शोषत नाही. जो रोज वाजवतो त्याला चामडीच बरी, फक्त सीझनिंग (पिशवीला आतून द्यायचा लेप) वेळच्या वेळी. शाळेची वाद्ये सुट्टीभर पडून राहतात, तिथे सिंथेटिक.

नळी_आणि_रीड:
मान्य. मी शाळा धरूनच लिहिले होते. आणि चँटरच्या रीड मागवताना 'ईझी' म्हणून स्पष्ट लिहा. न सांगता आलेली रीड कडक निघते, आणि मग मुलगा दाब टिकवायला जोर लावतो, त्याने सूर हलतो आणि दोष ड्रोनला जातो.