मदत हवी आहे: द्रवस्फटिकी पॉलियुरेथेनच्या डीएससीत दोन पीक, स्फटिकाचा कुठला?

नमस्कार मंडळी,

पॉलिमरमध्ये पीएचडी करते आहे. बायफिनाइलच्या दोन्ही बाजूंना सहा कार्बनचा अल्कॉक्सी स्पेसर आणि टोकाला ओएच असलेला डायॉल घेऊन 2,4-टीडीआय (टोल्यूइन डायआयसोसायनेट) बरोबर पॉलियुरेथेन केलंय. एमडीआय (नेहमीचा दुसरा डायआयसोसायनेट) मुद्दाम टाळला. त्याची साखळी सरळ बसते, स्फटिक पटकन होतात आणि मेसोफेज (द्रव आणि स्फटिक यांच्या मधली द्रवस्फटिकी अवस्था) त्यात झाकला जातो. टीडीआयच्या मिथाइल गटामुळे ही रचना थोडी विस्कटते.

डीएससीत (नमुना तापवताना-थंड करताना उष्णतेची देवघेव मोजतात ती चाचणी) 10 °से./मिनिट वेगाने तापवताना 130 आणि 160 °से.च्या आसपास दोन एंडोथर्म (उष्णता शोषल्याचे पीक) येतात. खालचा स्फटिकाचा आणि वरचा मेसोफेजचा असं मी धरून चालले होते. पण 110 °से.ला अनीलिंग केलं (नमुना त्या तापमानाला काही वेळ ठेवला) की वरचा पीक वाढतो, खालचा जवळजवळ जातो. थंड करताना एकच छोटा पीक येतो, खालच्यापेक्षा काही अंशच खाली. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) क्वेंच केलेल्या, म्हणजे झटकन थंड केलेल्या नमुन्याला 20° जवळ नुसता रुंद हॅलो आहे, स्फटिकाच्या रेषा नाहीत. अनील केलेल्याला मात्र टोकदार रेषा.

एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) अनीलिंगनंतर 1705 सेंमी⁻¹चा हायड्रोजन-बंधयुक्त कार्बोनिल वाढतो, 1735चा मुक्त घटतो. बंधयुक्त एनएच 3320ला, मुक्त एनएचचा 3450ला छोटा खांदा. तर हायड्रोजन बंध वाढल्यामुळे स्फटिकता येते की स्फटिक झाल्यामुळे बंध वाढतात? आणि एनएचच्या क्षेत्रफळावरून बंधांची टक्केवारी काढली तर चालेल का? मनापासून अडकले आहे, कुणी या विषयावर काम केलं असेल तर कृपया सांगा.

उत्तर:

तुमचा खालचा पीक मेसोफेजचा आहे असं मला ठामपणे वाटतं. थंड करताना मेसोफेज फारसा अतिशीत होत नाही, म्हणजे आपल्या तापमानाच्या काही अंश खालीच तयार होतो; स्फटिक मात्र खूप मागे राहतो. म्हणजे तुमचा मेसोफेज मोनोट्रॉपिक: स्फटिक वितळतो त्याच्या खालच्या तापमानालाच मेसोफेज समदिक (सगळ्या दिशांना सारख्या, साध्या) द्रवात जातो. खात्री करायची तर पूर्ण वितळवून 120ला आणा आणि न थांबता पुन्हा तापवा. नुसता 130चाच पीक यायला हवा. मग 120ला थांबण्याचा वेळ वाढवत न्या, वरचा हळूहळू उगवेल.

बंधांबद्दल: अस्फटिक पॉलियुरेथेनमध्येही बहुतेक एनएच बंधयुक्तच असतात, वितळलेल्या द्रवातही बरेच टिकतात. त्यामुळे बंध आहे म्हणजे स्फटिक आहे असं होत नाही. फरक बंधांच्या सुव्यवस्थेत असतो, म्हणून 1705चा पट्टा अरुंद झालाय का ते पाहा. नायट्रोजनवर मिथाइल असलेलं तेच पॉलिमर करता आलं तर फारच छान. त्यात बंधच नसतील, पण मेसोफेज राहतो का ते कळेल.

एनएचचं क्षेत्रफळ वापरू नका. बंध जितका बळकट तितकं त्याचं शोषण जास्त, आणि तापमानाबरोबर तेही बदलतं. कार्बोनिल बरा, फक्त 2,4-टीडीआयमधले दोन युरेथेन गट सारखे नाहीत हे विभाजन करताना लक्षात ठेवा. आणि 180च्या वर नमुना फार वेळ ठेवू नका. युरेथेन उलट फिरू लागतं, म्हणजे तुटून परत आयसोसायनेट होतं; 2270ला आयसोसायनेट दिसला तर तो नमुना बाजूला ठेवा.