जेरी राइसचं पहिलं वर्ष: सुटलेल्या पासांवरून रिसीव्हर जोखायचा का?

गवतीचहा
अमेरिकन फुटबॉलमधला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, जेरी राइस याचं नाव निघालं की विटांची गोष्ट येतेच. मिसिसिपीतलं क्रॉफर्ड हे खेडं, वडील गवंडी. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा परांचीवर उभा राहून झेलायचा, म्हणून हात तसे तयार झाले. गोष्ट सुंदर आहे, पण १९८५ चा उलगडा तिने होत नाही. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाकडून पहिल्या वर्षी याच हातांतून पास सुटत होते आणि कँडलस्टिक पार्कवर घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते.

माझ्या मते दोष हातांचा नव्हताच. मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या कॉलेजात पास फेकणारा क्वार्टरबॅक विली टॉटनबरोबर त्याची अशी जोडी जमली होती की १९८४ च्या एका हंगामात त्याने २७ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवणं) झेलले. तिथून तो थेट फोर्टीनाइनर्सचा प्रशिक्षक बिल वॉल्शच्या हाताखाली आला. वॉल्शच्या पद्धतीत रिसीव्हरला वाट ठरवून दिलेली असते, पण समोरचा बचाव कसा उभा आहे हे धावता धावता ओळखून ती बदलायचीही असते. तो वळायच्या आधीच चेंडू क्वार्टरबॅकच्या हातून निघालेला असतो. डोकं पुढच्या पावलात अडकलं की बोटं मिटायला उशीर होतो. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून रिसीव्हरवर शिक्का मारणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं.

ओसरी
असहमत. राइसला सांभाळून घेणारं घर मिळालं, हे तुम्ही सोडून देताय. जानेवारी १९८५ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलेला संघ, क्वार्टरबॅक जो मोंटाना. त्या वर्षी संघातल्याच रॉजर क्रेगने एकट्याने ९२ पास झेलले, म्हणजे नवख्याच्या चुका झाकायला माणसं होती. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, राइसच्या आधी दोन वाइड रिसीव्हर गेले होते: अल टून दहावा, एडी ब्राउन तेरावा. राइस सोळावा, तोही वॉल्शने न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी निवडींची अदलाबदल करून वरचा क्रमांक मिळवला म्हणून. वर्षअखेर असोसिएटेड प्रेसने आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित म्हणून सिनसिनाटीच्या एडी ब्राउनला निवडलं. राइसचे ४९ झेल, त्यांवर कापलेलं अंतर ९२७ यार्ड आणि पासवर टचडाउन अवघे तीन. पडक्या संघात गेला असता तर त्याला दुसरं वर्ष कोणी दिलं असतं?

शिवाय नंतरचा रिसीव्हर रँडी मॉस बघा. १९९८ मध्ये मिनेसोटाच्या संघाने एकविसावा निवडला आणि पहिल्याच हंगामात १७ टचडाउन. थँक्सगिव्हिंगला डॅलसविरुद्ध फक्त तीन झेल, त्यात १६३ यार्ड आणि तिन्ही टचडाउन. अस्सल असेल ते पहिल्याच वर्षी दिसतं.

नीराकाठ
ओसरी, मॉसची गोष्टच वेगळी. तो उंच आणि वेगवान, लांब चेंडू फेकला की बचावपटूच्या डोक्यावरून काढून घ्यायचा. राइसचा वेग डोळ्यांत भरणारा नव्हता. त्याचं सगळं वळणांवर आणि वेळेवर होतं, ते अंगवळणी पडायला महिने लागतात.

माझा मुलगा इथे फ्रीमाँटला फ्लॅग फुटबॉल खेळतो. परवा मी अगदी कडेला उभी होते. चेंडू त्याच्या तळव्यांना लागला, पण त्याच क्षणी नजर शेजारून येणाऱ्या मुलाकडे गेली आणि चेंडू छातीवर आपटून खाली. घरी अंगणात त्याच्या हातून एकही सुटत नाही. गवतीचहा म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि राइसचं ते पहिलं वर्ष संपायच्या आतच चित्र पालटलं होतं. ९ डिसेंबर १९८५, सोमवारची रात्र, समोर लॉस एंजेलिस रॅम्स: १० झेल, २४१ यार्ड. सामना हरले, पण हुर्यो थांबली.

ओसरी
एका रात्रीवर माझं मत बदलणार नाही. दुसऱ्या हंगामाचा प्लेऑफ (बाद फेरी) सामना आठवा, न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध, जानेवारी १९८७. पास झेलून राइस एकटाच पुढे निघाला, मागे कोणी पोचणार नव्हतं. कोणाचा हातही न लागता चेंडू निसटला. तो पुन्हा धरायला गेला, तो आणखी पुढे घरंगळला आणि जायंट्सनी घेतला. शेवट ४९-३. तेव्हा तर पद्धत नवी नव्हती ना?

गवतीचहा
ती चूक त्याचीच, मान्य. पण त्याच हंगामात मोंटानाच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली, तो निम्मे सामने बाहेर होता आणि त्यांतले बरेचसे त्याच्या जागी क्वार्टरबॅक म्हणून जेफ केम्प खेळला. तरीही राइसचे ८६ झेल, १५७० यार्ड, १५ टचडाउन. यार्डांत अख्ख्या लीगमध्ये पहिला. क्वार्टरबॅक बदलूनही हे आकडे येतात, तेव्हा नुसतं चांगलं घर मिळालं म्हणून कसं चालेल? पुढच्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे बाराच सामने मिळाले, त्यांत २२ टचडाउन झेलले.

सुट्टीच्या महिन्यांत तो क्रेगबरोबर सॅन कार्लोसची ती अडीच मैलांची चढण पळायचा. ते त्याला कोणी करायला लावलं नव्हतं.

ओसरी
केम्पचा मुद्दा मी धरला नव्हता, तो मान्य. मोंटानामुळे राइस घडला, हे माझं म्हणणं मागे घेतो. वॉल्शचं मात्र नाही. पास सुटत असताना त्याच्याच दिशेने पुन्हा पुन्हा चेंडू फेकायला लावणारा प्रशिक्षक त्या वर्षी आणखी किती संघांकडे होता?