‘प्रॉमिस’ला मराठीत काय म्हणावं? (फ्रॉस्टच्या कवितेसाठी)

रॉबर्ट फ्रॉस्टची ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ (१९२३) मराठीत आणायचा प्रयत्न करते आहे. बर्फ पडताना रानाकडे बघत थांबलेला माणूस अखेर निघतो, कारण त्याला ‘प्रॉमिसेस’ पाळायची आहेत. ‘वचने’ लिहिलं की दशरथ-कैकेयी आठवतात, ‘आश्वासने’ लिहिलं की निवडणूक. ‘कर्तव्ये’ लिहू का?

—

कर्तव्य नको. ते न मागता गळ्यात पडतं, इथे मात्र त्याने स्वतः कबूल केलेलं काहीतरी आहे. सरळ ‘शब्द’ घ्या. आपण शब्द देतो, पाळतो, मोडतो आणि शब्दाला जागतो. शेवटचा प्रयोग तर या कवितेसाठीच राखून ठेवल्यासारखा आहे! जागणे म्हणजे न झोपणे. मिठाला, इमानाला, शब्दाला जागणे म्हणजे त्याच्याशी प्रामाणिक राहणे. कवितेच्या शेवटी ‘झोपण्याआधी मैलोगणती जायचंय’ अशा अर्थाची ओळ दोनदा येते. इंग्रजीत वचन आणि झोप नुसत्या शेजारी आहेत, मराठीत एकाच क्रियापदात गुंततात. मुळात नाही म्हणून हे सोडू नका. अनुवादात एरवी गमावायचंच असतं.

—

‘शब्द’ला माझंही मत. फक्त ‘अरण्य’ टाळा. पहिल्याच कडव्यात त्या झाडीला मालक आहे आणि त्याचं घर गावात आहे. रान किंवा राई बरं. आणि झोपेची ‘चिरनिद्रा’ कृपया करू नका. मरणाची सावली ती ओळ दुसऱ्यांदा आल्यावर आपसूक पडते.

—

‘निजणे’ घेते मग, घरगुती आहे. आणि रानाच्या तीन विशेषणांचं (‘लव्हली, डार्क अँड डीप’) काय? सध्या ‘रम्य, गर्द, गहन’ असं लिहिलंय.

—

गहन छान, संस्कृतात त्याचा अर्थ दाट झाडी असाही आहे. पण दुसरा स्वल्पविराम काढा. मुळात तो नव्हता; १९६९च्या आवृत्तीत संपादकाने घातला आणि त्यावरून टीकाही झाली. तो नसला की रान गर्द आणि गहन आहे म्हणूनच रम्य, असं वाचता येतं. घातला की नुसती यादी होते, आणि यादीसाठी कोण गारठ्यात थांबेल?

—

‘रम्य, गर्द नि गहन’. केलं.