सीटी झाला, आता पेट-सीटी कशाला?

भांडुपची मुलगी:
बाबा ६४ वर्षांचे, बेस्टमध्ये कंडक्टर होते. आवाज बसला, बायोप्सीत स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. मानेच्या सीटीत डावीकडे गाठ दिसतेय आणि कूर्चेपर्यंत (स्वरयंत्राच्या मऊ हाडापर्यंत) कॅन्सर पोचल्याची 'शंका' लिहिलीय. आता परळला टाटामध्ये पेट-सीटी सांगितलाय. पुन्हा तेच का? त्यात बाबांना डायबिटीस आहे, जीव धास्तावलाय.

स्कॅनवाला:
ताई, तेच नाही. सीटीत आकार दिसतो: गाठ केवढी, कुठे चिकटली. पेटमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. जास्त साखर ओढणाऱ्या पेशी उजळतात, त्यामुळे फुप्फुसात, यकृतात, हाडांत काही पोचलंय का तेही कळतं. आधी चार-सहा तास उपाशी राहायचं. साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी तारीख पुढे ढकलतात. पण गोळ्या, इन्सुलिन मनाने बंद करू नका, सेंटरला आधी विचारा. आणि इंजेक्शननंतर तासभर बाबांना अजिबात बोलू देऊ नका! बोललं की स्वरयंत्राचे स्नायूही उजळतात.

दादरकर:
कूर्चेसाठी एमआरआय लागेल का, डॉक्टरांना विचाराच. आमच्या काकांचा केला होता. पेसमेकर असेल तर आधी सांगा.

डॉ. काकू:
उजळलं म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. टीबीच्या गाठी उजळतात, बायोप्सीनंतरची सूजही. शंका असेल तर गाठीत सुई घालून पेशी तपासतात. तोवर रिपोर्ट वाचून घाबरू नका.

भांडुपची मुलगी:
बाबांना तरुणपणी टीबी झाला होता. जुने एक्स-रे कपाटात आहेत, तेही नेते.