मदत हवी आहे: यान आडव्या दिशेत कुठे आहे हे डॉप्लरवरून कसं कळतं?

राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यात विज्ञान शिकवतो. प्रदर्शनासाठी नववीची पोरं मंगळयानावर तक्ते करताहेत आणि एका मुलीच्या प्रश्नापाशी आमचं घोडं अडलंय.

इथवर ठीक आहे: बंगळुरूजवळच्या ब्यालालूतून 32 मीटरच्या अँटेनाने संदेश जायचा, यान त्याची वारंवारता ठरलेल्या पटीने (एस-बँड या रेडिओपट्ट्याला रूढ पट 240/221) बदलून परत पाठवायचं. यानावरच्या घड्याळावर विसंबायला नको, म्हणून ही जा-ये. लागलेल्या वेळावरून अंतर, वारंवारतेच्या फरकावरून (हाच डॉप्लर) वेग. सेकंदाला 1 मीटर वेग बदलला तरी परतीत सुमारे 15 हर्ट्झचा फरक! पण हा वेग फक्त आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा. मालगाडीच्या हॉर्नवरून ती येतेय की जातेय ते कळतं, कोणत्या रुळावर आहे ते नाही. मुलगी विचारते, "सर, यान डावा बाजूले शे का उजवा, हाई कसं समजस?"

अँटेनाच्या तोंडावरून म्हणावं, तर तिचा झोत एस-बँडला पाव अंशाहून रुंद. 20 कोटी किमीवर तो 10 लाख किमीच्या आसपास पसरतो, आणि मंगळाचा व्यास 6,800 किमीसुद्धा नाही. मराठी लेख शोधले, ते 5 नोव्हेंबर 2013 चं उड्डाण आणि 'किती स्वस्तात' यापुढे जातच नाहीत. कुणी समजावेल का?

प्रतिसाद, धुळ्याहून:
सर, पोरीने नेमकं पकडलं. उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे. ब्यालालूची अँटेना सेकंदाला सुमारे 450 मीटर वेगाने पूर्वेकडे जाते. यान उगवताना ती त्याच्याकडे सरकते, मावळताना लांब जाते. त्यामुळे डॉप्लरच्या आलेखावर रोज एक लाट उमटते. लाट कधी शून्यावर येते त्यावरून पूर्व-पश्चिम दिशा कळते आणि तिच्या उंचीवरून यान खगोलीय विषुववृत्तापासून (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत वाढवलं तर बनणारी रेषा) किती अंशांवर आहे ते. विषुववृत्ताजवळ मात्र हे दुसरं माप लंगडं पडतं, कारण तिथे लाटेची उंची जवळपास बदलतच नाही.

तिथे डेल्टा-डीओआर लागतं. एकमेकांपासून हजारो किमीवरच्या दोन केंद्रांवर संदेश किती फरकाने पोचला ते मोजायचं, मग अँटेना आकाशात शेजारी दिसणाऱ्या क्वेसारकडे (अतिदूरचा, जागा पक्की माहीत असलेला रेडिओस्रोत) वळवून तेच मोजायचं आणि वजाबाकी करायची. घड्याळांच्या नि वातावरणाच्या बऱ्याचशा चुका त्यात कटतात. एका देशात एवढं अंतर सहसा मिळत नाही. मंगळयानाला नासाच्या डीप स्पेस नेटवर्कची (दूरच्या यानांशी संपर्क ठेवणाऱ्या अँटेनांचं जाळं) साथ होती. त्यांची केंद्रं गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेराला आहेत.

धागाकर्ता:
लाटेचा आलेख पोरांकडून काढून घेतो, आभार. पण यान मावळल्यावर एका केंद्राला अर्धीच लाट मिळणार. तेवढ्यावर भागतं का? आणि 24 सप्टेंबर 2014 ला ते मंगळाभोवती फिरायला लागल्यावर कक्षेचा स्वतःचा चढउतार या लाटेतून वेगळा कसा काढायचा?