नागपुरात बर्डीवरचा भजीवालासुद्धा सोडा मोजून टाकतो हो!

धरमपेठची धाकटी
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोस्ट फिरली: "डेंटिस्ट लुटतात. लिंबू आणि खाण्याचा सोडा दातांवर ३ मिनिटं चोळा, आठवड्यात मोत्यासारखे दात." खाली अंगठ्यांची रांग. मी बोलले तर अॅडमिन म्हणे वाद नको. म्हणून इथे.

लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागतं. ते मऊ झालं की वरून ब्रश घासायचा! चार दिवस चकाकतं, खरंय. पण गेलेलं एनॅमल परत येत नाही आणि खालचं डेंटिन मुळातच पिवळं. मी लग्नाआधी दीड महिना हेच केलं. आता भर मे महिन्यात माठाचं पाणीही डाव्या बाजूने पिता येत नाही. कोळशाच्या काळ्या पेस्टचंही तेच, खरवडणं.

करायचंच असेल तर आधी तपासणी आणि सफाई. बऱ्याच जणांचं तिथेच भागतं. नंतर डॉक्टरांकडून मापाचा ट्रे, त्यात दात उजळवणारं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, रात्री घालून झोपायचं, दोनेक आठवडे. क्लिनिकमधलं जेल २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं असतं. काम तासाभरात, झिणझिण्याही तशाच. १० टक्के कार्बामाइड म्हणजे जेमतेम ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यामुळे सावकाश पण सोसवतं.

इतवारीचा बावा
ताई, आमचे आजोबा जन्मभर राखुंडी लावत. ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायचे दातानं. तुमचं ते पेरॉक्साइड तेव्हा कुठे होतं जी?

धरमपेठची धाकटी
आजोबांचे दात मजबूत होते. पांढरे होते का? फोटो बघून सांगा.

इतवारीचा बावा
फोटोत तोंड मिटलेलं आहे.

सदरवाला
सफाईचं नका सांगू. दोन वर्षांपूर्वी केली, पुढच्या दातांत फटी पडल्या, हलायलाही लागले. पैसे देऊन दात ढिले करून घेतले.

मेडिकल चौक
फटी आधीच होत्या, कीटणाने बुजलेल्या. हिरड्या सुजून खाली गेल्या होत्या, कीटण काढल्यावर ते दिसलं. खाजगीवर राग असेल तर मेडिकल कॉलेजला लागून शासकीय दंत महाविद्यालय आहे. वेळ जातो, शिकाऊ पोरं करतात, पण सर मागे उभे असतात.

सदरवाला
"मागे उभे असतात" म्हणे! माझ्या पुढच्या एका दाताला कॅप आहे. नंतर एका क्लिनिकात ब्लिचिंगही केलं. सगळे दात उजळले, कॅप पिवळीच. आता हसलो की एकच दात आजोबांचा वाटतो. कॅप आणि फिलिंगवर जेल चालत नाही, हे खुर्चीत बसवायच्या आधी सांगता येत नव्हतं?

धरमपेठची धाकटी
हे मात्र तुमचं खरं. सांगायलाच हवं होतं.

खर्रामुक्त
प्रश्नच चुकून राहिले तुम्ही. नागपुरात दात पिवळे कुठे असतात? लाल-तपकिरी असतात! २०१२ ला गुटखा बंद झाला, पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा चालूच. आमच्या ऑफिसचा जिना बघा, तीन मजले रंगवलेत. आधी जिना पांढरा करा.

इतवारीचा बावा
आला बोलायला! दिवसाला एक खर्रा म्हणजे काय गुन्हा आहे? तुम्ही तर्री ओरपता तेव्हा आम्ही बोलतो का?

खर्रामुक्त
तर्रीनं तोंड बंद होत नाही. माझा मेव्हणा छत्तिसाव्या वर्षी तोंडात दोन बोटंही उभी घालू शकत नाही. सुपारीनं आतलं कातडं आखडलं. सावजी तर सोडा, वरण-भात चमच्यानं ढकलावा लागतो. आणि तो डॉक्टरला विचारत होता, दात पांढरे होतील का.

इतवारीचा बावा
मेव्हण्याचं ऐकून वाईट वाटलं. पण मला शिकवू नका.

खर्रामुक्त
कोण शिकवून राहिलं? आरशासमोर तीन बोटं उभी घालून बघा, एवढंच.

यवतमाळकर, सध्या मानेवाडा
माझे दात लहानपणापासून चट्ट्यांचे. गावच्या बोअरचं पाणी, फ्लोराइड. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको म्हणतात, आम्हाला कोण मोजून देणार होतं? शाळेत पोरं म्हणायची, घासत नाहीस का बे. लिंबानं घासून घासून हिरड्या सोलल्या. डाग आतून असतात, दात जबड्यात बनतानाच बसलेले, हे पंचविशीत कळलं. तुमच्या ग्रुपवरच्या माणसाला हे वाचून दाखवा.

धरमपेठची धाकटी
दाखवते. अॅडमिनने काढून टाकलं तरी.

इतवारीचा बावा
बरं बाबा, लिंबू पोह्यावरच पिळतो. खुश? दंत महाविद्यालयात सफाईला कोणी ओळखीचं आहे का?

खर्रामुक्त
बोटं गेली का?

इतवारीचा बावा
अडीच.