एअरगनवर रेड डॉट लावून गावी डुकरं मारली तर चालतं का?

लालबागचा_चाकरमानी

मंडळी, प्रश्न जरा येड्यासारखा वाटेल पण विचारतोच. गाव राजापूर साईडला, गणपतीला जातोय. वडलांचा रोज फोन, भात पोटरीला आलंय आणि डुकरं रात्री येऊन नुसती लोळतायत. परवा फोटो पाठवला, अख्खं खाचर नांगरून काढल्यासारखं, खुरांच्या खळग्यात पाणी साचलेलं आणि रोपं चिखलात चेपलेली.

माझ्याकडे पॉईंट वन सेव्हन सेव्हनची एअरगन आहे, टाइमपास म्हणून घेतलेली, डबे उडवायला. त्यावर आता ऑनलाईन रेड डॉट मागवलाय, बॅटरीवाला, काचेत बघितलं की लाल ठिपका दिसतो, अंधारात तर एकदम क्लिअर. रविवारी चाळीच्या गॅलरीतून समोरच्या टाकीवर धरून बघत होतो तर खालच्या वडापाववाल्याने वर बघून दोन्ही हात वर केले, सगळे हसले, आई सोडून.

तर ऑफिसातला एकजण म्हणतो लाईटवाली साइट (बंदुकीवरचं नेम धरायचं साधन) शिकारीला बेकायदा असते, अमेरिकेत पण बंदी आहे. हे लेझरबद्दल आहे की रेड डॉट पण त्यात येतो? आणि डॉट काढून नळीच्या टोकावरच्या साध्या माशीने (लोखंडी दाण्याने) नेम धरला तर चालेल का?

वरळी_रेंजवाला

आधी तुझ्या मित्राचा घोळ सोडवतो. रेड डॉटमध्ये आत बारका एलईडी असतो, तो काचेवर पडतो आणि काच तो उजेड मागे, म्हणजे तुझ्या डोळ्याकडे फेकते. समोरच्यावर काही पडत नाही. लेझर उलटा, तो थेट टार्गेटवर जाऊन बसतो. तुमच्या वडापाववाल्याला ठिपका दिसलाच नसणार, त्याला बंदूक दिसली. तेव्हा ते गॅलरीतले प्रकार आधी बंद कर भावा, खरंच सांगतो, कोणीतरी शंभर नंबर फिरवेल आणि पोलीस काय काचेत डोळा घालून बघत बसणार नाहीत.

आणि स्पर्धेच्या नादाने घेतला असशील तर तिथेही उपयोग नाही, दहा मीटर एअर रायफलला पीप साइटच लागते, म्हणजे बारक्या भोकातून बघायची, बॅटरी वगैरे काही नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते पन्नास मीटरवरून, तेही असल्या बिनदिव्याच्या साइटमधूनच.

बिनधास्त_बंड्या

एवढं काय विचारतोस, डुक्कर उपद्रवी प्राणी आहे, सरकारनेच सांगितलंय मारा म्हणून. बॅटरी मारायची, डोळे चमकले की दाबायचं. आमच्याकडे सगळे करतात.

ठासणीवाले_आजोबा

बंड्या, तुझ्या भरवशावर कोणी गेला तर गणपती पोलीस कोठडीत बसवेल. केंद्राने २०१६ साली डुक्कर उपद्रवी म्हणून जाहीर केलं होतं ते उत्तराखंडात, तेही एका वर्षापुरतं. ती बातमी व्हॉट्सॲपवर अजून फिरते आणि प्रत्येकाला ती आपल्याच तालुक्याची वाटते.

आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, आजोबांची, त्यामुळे हा विषय लहानपणापासून ऐकत आलोय. गंमत अशी आहे की तुमचा जो प्रश्न आहे, उजेडाचा, तो आपल्या कायद्यात एके काळी होता. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा लायसन काढून शिकार करता यायची आणि कलम १७ मध्ये लिहिलेलं की गाडीतून मारायचं नाही, रात्री मारायचं नाही, कृत्रिम उजेड पाडून मारायचं नाही. १९९१ च्या दुरुस्तीत लायसनची शिकारच बंद झाली आणि मग ते कलमही गेलं. म्हणजे उजेडाचा नियम उठला तो शिकारच उठली म्हणून, उजेड चालतो म्हणून नाही. आता डॉट लावा, काढा, माशीने धरा नाहीतर बेचकीने मारा, शिकारबंदीच्या कलम ९ ला काही फरक पडत नाही.

आणि शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नाही बरं का. व्याख्येत जखमी करणं, फासकी लावणं, आमिष ठेवणं, हाका घालणं, एवढंच काय नुसता प्रयत्नही येतो. चुकला नेम तरी गुन्हा. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत, बंदूक आणि गाडी जप्त होते ती वेगळीच.

भांडुप_ते_डेन्वर

अमेरिकेबद्दल मी सांगतो, कोलोराडोत राहतो, कलीग लोकांबरोबर दोनदा एल्कच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीला गेलोय (मी नुसता चहाचा थर्मास सांभाळायला). "बंदी आहे" असं सरसकट नाहीये, प्रत्येक राज्याचं वेगळं आणि राज्यात पण सीझनचं वेगळं. आमच्याकडे रायफल सीझनला रेड डॉट चालतो. पण मझललोडर, म्हणजे आजोबांची ती ठासणीचीच समजा, तिच्या सीझनला स्कोप नाही, बॅटरी नाही, उजेडवाली कुठलीच साइट नाही. लोखंडी साइटवर फायबर ऑप्टिकचा दाणा किंवा चमकणारा रंग मात्र चालतो, कारण त्याला सेल लागत नाही. आणि जनावरावर स्पॉटलाईट मारणं तर बंदच. इंग्लंडच्या १९८१ च्या कायद्यात पण पक्ष्यांसाठी टार्गेटवर उजेड पाडणारं यंत्र आणि रात्री नेम धरायची साइट, दोन्ही मना आहेत. तुमच्या मित्राने यातलं काहीतरी अर्धवट वाचलं असणार.

लालबागचा_चाकरमानी

अरे बापरे. म्हणजे डॉटचा प्रश्नच नव्हता 🙈 पण आजोबा, एअरगनला तर लायसन लागत नाही ना, दुकानदाराने नुसतं आधारकार्ड घेतलं होतं. मग ती हत्यारात कशी धरतील?

वरळी_रेंजवाला

एअरगन घरात ठेवायला लायसन लागत नाही, पण जनावर मारायची परवानगी त्यातून मिळत नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये बोअर (नळीच्या भोकाचं माप) पॉईंट वन सेव्हन सेव्हन इंचाच्या वर किंवा ताकद वीस ज्यूलच्या वर गेली की लायसन, तुझी त्याच्या आत आहे म्हणून सुटलास. पॉईंट टू टू असती तर घरात ठेवणंच गुन्हा झाला असता. आणि कायदा जाऊदे, वीस ज्यूलच्या आतला छर्रा रानडुकराला काय करणार? कातड्यात रुतेल, जखम सडेल, आणि तेव्हाच वळून अंगावर आलं तर तुझ्या हातात एक छर्रा भरायची एअरगन, आणि बांधावरून चिखलात पळायचं. सुळे बघितलेस का कधी?

ठासणीवाले_आजोबा

अगदी बरोबर. आमच्या वाडीतल्या एकाची मांडी फाटलेली मी पाहिली आहे, अठरा टाके.

आता करायचं काय ते ऐक. कायद्यात कलम ११ आहे, पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी वन खात्याचे अधिकृत अधिकारी लेखी देऊ शकतात, पण ती कागदावर हातात पाहिजे, तोंडी नाही. तोपर्यंत भरपाईचा अर्ज कर, तो बरेच लोक करतच नाहीत आणि मग पारावर बसून सरकारला शिव्या घालतात. वडलांना सांग, खाचरात कुदळ मारू नका, खुरांचे ठसे मोजपट्टी ठेवून फोटो काढा, सातबारा काढून ठेवा आणि पंचनामा होईपर्यंत रोपं सरळ करायला जाऊ नका. कुठे अडलं तर वन खात्याची हेल्पलाईन १९२६.

आणि फासकी तर अजिबात नको. डुकरासाठी लावतात आणि बिबट्या अडकतो, तो पहिल्या परिशिष्टातला, तिथे शिक्षा सुरूच तीन वर्षांपासून होते.

लालबागचा_चाकरमानी

धन्यवाद सगळ्यांना. वडलांना फोन केला, त्यांनी सकाळीच अर्धं खाचर सरळ करून टाकलंय 😑 उरलेल्या अर्ध्याचे फोटो काढायला सांगितलेत. रेड डॉट रिटर्नला टाकलाय, कारण काय द्यायचं तेच सुचत नव्हतं, शेवटी "आईला आवडलं नाही" लिहिलं.